राजकीय व्यंगचित्र वाचायचं कसं, आणि ते काढणारा माणूस दिवसभर करतो काय

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, ती ज्यानं पाहिली त्याला राजकीय व्यंगचित्र म्हणजे काय हे निम्मं तरी आधीच माहीत आहे असं मी समजतो. काळी मारबत, पिवळी मारबत, आणि त्यांच्यासोबत बांबू-कागद-चिंध्यांचे बडगे, कोणाच्या गळ्यात महागाईची पाटी, कोणी भ्रष्ट पुढारी, कोणी दहशतवादी, आणि लोक ओरडून राहिले की इडा पिडा घेऊन जा गे मारबत. त्या बडग्याचं तोंड काही फोटोसारखं नसतं, नाक भलतंच मोठं, पोट सुटलेलं, तरी बापाच्या खांद्यावर बसलेलं पोट्टं बोट दाखवून सांगतं हा कोण आहे ते. सव्वाशे वर्षांच्या वर झाले हे चालू आहे आणि कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पेपरातला व्यंगचित्रकार हेच काम करतो, फक्त तो ते रोज करतो, एकटा करतो, आणि दोन-तीन कॉलमच्या जागेत करतो.

हे लिहायचं कारण असं की आपल्याकडं खेड्यात पेपर कमी झाले पण व्यंगचित्रं वाढली. गावच्या ग्रुपवर रोज दोन-चार तरी येतात, काढणाऱ्याची सही कापलेली, खालची ओळ कोणीतरी बदललेली, अन् मग त्यावरून भांडणं, कोणी ग्रुप सोडून जातो, निवडणुकीच्या दिवसात तर गोष्ट पोलिस स्टेशनपर्यंत जाते. आमच्या यवतमाळकडच्या तालुक्याच्या गावी वाचनालयात जी पोरं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसतात ती अग्रलेख पेन्सिलनं रेघा मारून वाचतात आणि त्याच पेपरातलं व्यंगचित्र सोडून देतात, म्हणतात सर त्यावर प्रश्न येत नाही. मला हे खरंच खटकतं. अग्रलेखात असतं तेवढंच ठाम मत त्या चित्रात असतं, आणि ते मांडायला त्या माणसाकडं हजार शब्द नसतात, एक चौकोन असतो अन् फार तर एक ओळ.

आधी एक फरक लक्षात घ्या. शि. द. फडणीसांची चित्रं आपण गणिताच्या पुस्तकात, दिवाळी अंकाच्या कव्हरवर पाहिली, ती हास्यचित्रं. माणसाच्या वागण्यातली गंमत, त्यात कोणी मंत्री नसतो, ती पन्नास वर्षांनी पाहिली तरी तेवढंच हसू येतं. नुसता चेहरा वाढवून-चढवून काढला तर ते अर्कचित्र, म्हणजे त्या माणसाच्या दिसण्याचा अर्क. राजकीय व्यंगचित्राला ताजी घडामोड लागते, ज्याच्या हातात सत्ता आहे असा कोणीतरी लागतो आणि त्यावर काढणाऱ्याचं स्वतःचं मत लागतं. मत नसेल तर कितीही छान रेघ असो, ते नुसतं ओळखीचं तोंड. आणि बरं का, हसू आलंच पाहिजे असं पण काही नाही, दुष्काळावरचं किंवा दंगलीवरचं व्यंगचित्र पाहून कोणी हसत नाही, गप्प होतो.

आता काम. लोकांना वाटतं की चित्रकार बसला, सुचलं, काढलं, झालं. चित्र काढायला तास-दोन तास लागतात, बाकी सगळा दिवस वाचण्यात, ऐकण्यात आणि सुचलेलं खोडण्यात जातो. सकाळी पाच-सात पेपर, दिवसभर टीव्ही अन् फोन, विधानसभेचं अधिवेशन असलं तर कोण काय बोललं ते सगळं, आणि संध्याकाळच्या आत दोन-तीन कच्ची रेखाटनं एडिटरसमोर. एडिटर एखादं ठेवतो, कधी तिन्ही परत करतो. मग पक्कं चित्र, आणि पान सोडायची वेळ काही थांबत नाही. ताप आला, घरात मयत झालं, काहीच सुचलं नाही, तरी उद्याच्या पानावर तो चौकोन रिकामा ठेवता येत नाही. आणि सुचणं म्हणजे काय? दोन गोष्टी ज्या बातमीत वेगवेगळ्या पानावर असतात त्या एका चित्रात आणून बसवणं. पहिल्या पानावर मंत्र्याचा दौरा, पाचव्या पानावर त्याच रस्त्यावर खड्ड्यात पडून मेलेला माणूस. बातमीदार दोन्ही बातम्या देतो, त्यांचं नातं दाखवायचं काम व्यंगचित्रकाराचं.

ती काळी-पांढरी रेघ कुठून आली तेही सांगतो, कारण पोरं विचारतात की जुन्या चित्रात रंग काहून नाही. जुन्या छपाईत व्यंगचित्राचा जस्ताचा ब्लॉक बनायचा. चित्राचा फोटो घेऊन जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि ॲसिडनं रेघ सोडून बाकीचा भाग खाऊन टाकायचा, मग जी रेघ वर राहिली तिलाच शाई लागणार. म्हणजे एकतर काळं नाहीतर पांढरं, मधला करडा नाहीच. म्हणून सावली दाखवायची तर बारीक रेघांची जाळी मारायची, एकावर एक तिरप्या. आणि पेपरचा कागद हलका, शाई पसरणार, म्हणून रेघ जाड अन् मोजकी. ब्रश किंवा टाक आणि काळी शाई. आता बहुतेक जण टॅबलेटवर काढतात, रंग पाहिजे तेवढे मिळतात, पण चांगली रेघ ओळखायची असली तर जुनी चित्रं पाहा, तिथं लपायला जागाच नव्हती.

चेहरा ओळखू कसा येतो? आपण माणूस ओळखतो तो त्याच्या चेहऱ्यात जे चार जणांपेक्षा वेगळं असतं त्यावरून. व्यंगचित्रकार तेवढंच उचलतो आणि वाढवतो, कोणाचा चष्मा, कोणाची जाकीटं, कोणाची टोपी घालायची पद्धत. याचा सगळ्यात जबरदस्त किस्सा फ्रान्सचा आहे. 1831 साली तिथं शार्ल फिलिपों नावाचा संपादक-चित्रकार कोर्टात उभा होता, आरोप हा की त्यानं राजा लुई फिलिपची बदनामी केली. त्यानं काय केलं, चार चित्रं काढून दाखवली. पहिल्यात राजाचं तोंड, दुसऱ्यात तेच तोंड थोडं खाली सुटलेलं, तिसऱ्यात अजून, आणि चौथ्यात सरळ एक नासपती. मग कोर्टाला म्हणे, यातल्या कोणत्या चित्रावर मला शिक्षा करणार, आणि नासपतीवर करणार असाल तर देशातल्या सगळ्या नासपत्यांना अटक करावी लागेल. शिक्षा झालीच, पण त्यानंतर ते फळ म्हणजे राजा हे लोकांच्या डोक्यात असं बसलं की पोरं भिंतीवर नासपत्या काढून ठेवायची. त्याचाच साथीदार ओनोरे दोमिए, त्यानं राजा खुर्चीवर बसलाय, गरिबांच्या टोपल्यातला पैसा फळीवरून चढत त्याच्या तोंडात जातोय आणि खालून दरबाऱ्यांसाठी पदव्या अन् मानसन्मान बाहेर पडून राहिले असं चित्र काढलं, त्याला सहा महिन्यांची कैद झाली. 1835 मध्ये तिथं कायदाच केला की चित्र छापायच्या आधी सरकारची परवानगी घ्या. लेखाला ती अट नव्हती, चित्राला होती, हे ध्यानात ठेवा.

तसं काहून, याचं उत्तर अमेरिकेतून मिळतं. न्यूयॉर्क शहराची तिजोरी खाणारा पुढारी बॉस ट्वीड, आणि त्याच्या मागं लागलेला थॉमस नॅस्ट. 1871 च्या सुमाराला नॅस्टनं हार्पर्स वीकलीत त्याची चित्रांवर चित्रं काढली, डोक्याच्या जागी पैशाची थैली काढली. ट्वीड तेव्हा म्हणाला असं सांगतात, की पेपरवाले काय लिहितात याची मला फिकीर नाही, माझ्या मतदारांना वाचता येत नाही, पण ही चित्रं बंद करा, ती त्यांना दिसतात. पुढं तो कैदेतून पळाला, स्पेनपर्यंत पोचला, आणि 1876 मध्ये तिथं पकडला गेला तो नॅस्टच्या चित्रावरून ओळखू आला म्हणून. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत किती जणांना वाचता यायचं ते आठवा, म्हणजे चित्राची भीती काय असते ते समजतं.

भारतात या कामाला मान मिळवून दिला तो शंकर पिल्लई यांनी. केरळचा माणूस, दिल्लीत हिंदुस्थान टाइम्समध्ये काढायचे, 1948 मध्ये स्वतःचं शंकर्स वीकली काढलं आणि उद्घाटनाला नेहरू आले. मला सोडू नकोस शंकर, असं नेहरू त्यांना म्हणाले होते, आणि शंकरनी खरंच सोडलं नाही, नेहरूंची शेकडो चित्रं काढली. पंतप्रधान आणि त्याच्यावर रोज टीका करणारा माणूस एकमेकांचे मित्र, हे आज वाचताना नवल वाटतं, पण देश नवा होता आणि दोघांनाही कळत होतं की हे चाललं पाहिजे.

ते साप्ताहिक बंद पडलं ऑगस्ट 1975 मध्ये. जूनमध्ये आणीबाणी लागली होती, पेपर छापायच्या आधी सेन्सॉरकडून तपासून घ्यावा लागायचा. शेवटच्या अंकातल्या संपादकीयाचा भाव हा होता की हुकूमशाहीला हसणं परवडत नाही. त्याच आणीबाणीतलं एक चित्र मला जवळून दाखवायचं आहे. इंडियन एक्स्प्रेस, 10 डिसेंबर 1975, काढणारे अबू अब्राहम. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये बसले आहेत, अंगावर काही नाही, दरवाजा थोडा उघडा, बाहेरून एक हात आत आलेला, त्या हातातून कागद घेऊन सही करून परत देत आहेत आणि सांगत आहेत की अजून वटहुकूम असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा. बस एवढंच. आता पाहा यात काय काय आहे. वटहुकूम म्हणजे संसदेत चर्चा न करता राष्ट्रपतींच्या सहीनं निघणारा कायदा, आणि तेव्हा ते एकामागून एक निघत होते. राष्ट्रपतीनं कागद वाचून, विचार करून सही करावी अशी अपेक्षा, इथं त्यांना अंघोळीची पण उसंत नाही. दरवाजाबाहेर कोण आहे ते दाखवलं नाही, दाखवायची गरजच नाही, सगळ्या देशाला माहीत होतं. कुठंही आणीबाणी हा शब्द नाही, कोणाला शिवी नाही. पन्नास वर्षं झाली तरी आणीबाणीवर बोलताना हे चित्र निघतंच. आमच्या वाचनालयात मी हे पोरांना दाखवतो तेव्हा पहिल्यांदा ती टबाकडं बघतात, मग कोणीतरी हळूच म्हणतं, सर तो हात कोणाचा, आणि तिथून पुढं मला काही सांगावं लागत नाही.

आर. के. लक्ष्मण तर सगळ्यांना माहीत, 1921 चा जन्म, म्हैसूरचे. मुंबईच्या जे. जे. स्कूलनं त्यांना प्रवेश नाकारला होता. फ्री प्रेस जर्नलमध्ये त्यांच्यासोबत बाळ ठाकरे काम करायचे, ठाकऱ्यांनी पुढं 1960 मध्ये मार्मिक काढलं आणि त्यातून 1966 ला पक्षच उभा राहिला, म्हणजे ब्रशापासून राजकारण कुठवर जाऊ शकतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. लक्ष्मण मात्र टाइम्स ऑफ इंडियामध्ये गेले आणि 1951 पासून पहिल्या पानावर रोजचं एका कॉलमचं छोटं चित्र सुरू झालं, पन्नास वर्षांच्या वर चाललं. त्यात तो कॉमन मॅन, चौकटीचा कोट, धोतर, टकलावर कानामागं दोन झुपके, गोल चष्मा. तो कधीच बोलत नाही. मंत्री बोलतो, अधिकारी बोलतो, बायको बोलते, तो फक्त हजर असतो. लक्ष्मणनी ही फार मोठी युक्ती केली, त्याच्या तोंडी वाक्य दिलं असतं तर तो एका बाजूचा झाला असता, गप्प ठेवला म्हणून प्रत्येक वाचक स्वतःला त्या जागी उभा करू शकला. पॅलेस्टाईनचे व्यंगचित्रकार नाजी अल-अली यांचं हंडाला हे पात्र असंच, दहा वर्षांचं अनवाणी पोरगं, ठिगळं लावलेले कपडे, हात मागं बांधून आपल्याकडं पाठ करून उभं, निर्वासितांच्या छावणीत वाढलेलं. नाजींना 1987 मध्ये लंडनला रस्त्यावर गोळी घातली, त्यात ते गेले. ते पाठमोरं पोरगं आज पण भिंतींवर दिसतं.

आपल्याकडं विदर्भात कोणत्याही व्यंगचित्राची गोष्ट काढली की एक चित्र टाळून पुढं जाता येत नाही, आणि ते टाळू पण नये. शंकर यांचंच, 1949 चं. संविधान म्हणजे एक गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब बसलेले, हातात चाबूक, आणि मागं नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. हे चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होतं आणि 2012 च्या मे महिन्यात संसदेत त्यावरून मोठा गदारोळ झाला, पुस्तकातून काढायचं ठरलं, पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पळशीकरांच्या पुण्यातल्या ऑफिसची तोडफोड झाली. 1949 च्या वाचकासाठी चित्राचा मुद्दा वेळेचा होता, संविधान लवकर व्हावं अशी घाई लोकांना होती, आणि पुस्तकातला मजकूर पण हेच समजावत होता की एवढा वेळ काहून लागला, चर्चा किती सविस्तर झाली. हे सगळं खरं. पण ज्या वस्तीतल्या पोरानं वर्गात बसून ते चित्र पाहिलं, त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो कुठं असतो ते आपल्याला माहीत आहे, आणि चाबूक हा त्याच्या आजोबाच्या अंगावर पडलेला असू शकतो. चित्र तेच, पाहणाऱ्याचा इतिहास वेगळा, मग अर्थ पण वेगळा होतो, आणि ते दुखणं खोटं नाही. माझं मत विचाराल तर तोडफोड चूक होती, दुखणं खरं होतं, आणि पुस्तकातून चित्र काढून टाकल्यानं वर्गात ही चर्चा व्हायची राहून गेली याचं मला वाईट वाटतं, कारण दीक्षाभूमीच्या या प्रदेशातल्या पोरांइतकी चांगली चर्चा त्या चित्रावर दुसऱ्या कोणी केली नसती.

यातूनच व्यंगचित्र तपासायचा माझा मुख्य प्रश्न निघतो, की मार कोणावर आहे. वरच्यावर आहे का खालच्यावर. मंत्री, कंपनी, बँक, सावकार, मोठा अधिकारी, यांच्याकडं उत्तर द्यायला पेपर आहेत, वकील आहेत, पोलिस आहेत. मजूर बाई, भटक्या जमातीचा माणूस, एखाद्या धर्माची गरीब वस्ती, यांच्याकडं काही नाही. त्यांच्या दिसण्यावरून, बोलीवरून, जातीवरून चित्र काढलं तर रेघ कितीही झकास असो, ते व्यंगचित्रकाराचं काम नव्हे. ग्रुपवर जे फिरतं त्यातलं निम्मं याच चाळणीत गळून पडतं.

वरच्याला मारलं की काय होतं त्याची उदाहरणं लांबची नाहीत. हिटलरला ब्रिटनमधल्या डेव्हिड लो या व्यंगचित्रकाराची चित्रं इतकी झोंबायची की 1937 मध्ये जर्मनीनं ब्रिटिश सरकारकडं त्याची तक्रार केली, आणि ब्रिटन ताब्यात आलं तर पकडायच्या माणसांची जी यादी नाझींनी केली होती तिच्यात त्याचं नाव होतं. आपल्याकडं सप्टेंबर 2012 मध्ये असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकाराला मुंबईत अटक झाली, राजद्रोहाचं कलम लावलं, 124 अ, इंग्रजांनी टिळकांवर लावलं होतं तेच. लोकांनी आवाज उठवल्यावर ते कलम मागं घेतलं, आणि 2015 मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं की सरकारवर कितीही कडक टीका केली तरी हिंसेला चिथावणी नसेल तर राजद्रोह होत नाही. 124 अ आता जुन्या दंडसंहितेसोबत गेलं, जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता लागू आहे, तिच्यात 152 कलम आहे, देशाचं सार्वभौमत्व, एकता अन् अखंडता धोक्यात आणण्याचं. तेही किती ताणायचं हा प्रश्न आहेच, म्हणून पोरांना मी सांगतो, फॉरवर्ड करणाऱ्यावर पण केस होऊ शकते, पण भिऊन गप्प बसायची गरज नाही, कायदा काय म्हणतो ते वाचून ठेवा.

तमिळनाडूतला एक प्रसंग तर आपल्या काळजाला हात घालणारा आहे. ऑक्टोबर 2017, तिरुनेलवेली, एक मजूर, त्याची बायको आणि दोन लहान मुली, सावकाराच्या जाचापायी कलेक्टर ऑफिसच्या आवारात पेटवून घेतलं. आधी तक्रारी करून झाल्या होत्या, कोणी दाद दिली नव्हती. बाला नावाच्या व्यंगचित्रकारानं चित्र काढलं, जमिनीवर लेकरू जळून राहिलं आणि कलेक्टर, पोलिस आयुक्त, मुख्यमंत्री उघडे उभे राहून नोटांच्या बंडलांनी लाज झाकत आहेत. त्याला अटक झाली, दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. चित्र सभ्य होतं का यावर लय वाद झाला. मी म्हणतो चार जीव गेले ते सभ्य होतं का.

आता आपल्या कास्तकाराकडं येतो, कारण माझी खरी तक्रार इथं आहे. विदर्भातला शेतकरी व्यंगचित्रात कसा दिसतो? भेगाळलेली जमीन, हाडं निघालेला माणूस, डोक्यावर हात, आभाळाकडं डोळे, मागं झाडाला फास. हे चित्र इतक्या वेळा निघालं की आता ते पाहून काहीच होत नाही, आणि त्यात मोठी चूक ही आहे की त्यात गुन्हेगार आभाळ ठरतं. पाऊस आला नाही, काय करणार. ज्यानं भाव ठरवला, ज्यानं कर्ज नाकारलं, ज्यानं बोगस बियाणं विकलं, त्यातलं कोणीच चित्रात नाही.

एक ताजी बातमी घेऊन पाहू. ऑगस्ट 2025, पोळ्याच्या तोंडावर, केंद्र सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरची 11 टक्के ड्युटी काढली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. सूतगिरण्यांना, कपड्याच्या कारखान्यांना स्वस्त कापूस पाहिजे होता. त्याच हंगामाचा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला 8110 रुपये. पण तो मिळायचा तर सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर जायचं आणि तिथं कापसात ओलावा 12 टक्क्यांच्या आत पाहिजे, 8 च्या वर गेला की तेवढा भाव कमी, 12 च्या वर गेला की गाडी परत. आणि आपली पहिली वेचणी दिवाळीच्या आसपास, दवात भिजलेली, कधी परतीच्या पावसात सापडलेली. मग काय, गाडी खाजगी व्यापाऱ्याच्या काट्यावर, तिथं भाव त्याचा अन् कडता, म्हणजे वजनातली कपात, पण त्याचाच.

यावर भेगाळलेली जमीन काढली तर ती बातमीच्या उलट आहे, इथं तर दुखणं ओलाव्याचं आहे. दुसरी कल्पना सुचते की मोठं जहाज आणि त्याखाली चिरडलेली बैलबंडी, ती ठीक, पण कोणालाही सुचेल, आणि कापूस आजकाल बंडीत कमी, मेटाडोर अन् ट्रॅक्टरमध्ये जास्त जातो. मग दोन्ही बातम्या एकत्र आणायच्या. डाव्या बाजूला बंदर, समुद्रातून आलेल्या गाठी, पाणी निथळून राहिलं, आणि साहेब गेट सताड उघडून उभा. उजव्या बाजूला खरेदी केंद्र, तोच साहेब, तोच चेहरा, कास्तकाराच्या कापसात ओलावा मोजायच्या मीटरची सळई खुपसून आकडा बघतोय आणि कास्तकाराच्या कपाळावर घाम. खाली साहेबाच्या तोंडी एकच ओळ, घाम पुसून ये, ओलावा जास्त दाखवतंय. ही माझी कल्पना, मला काढता येत नाही, पण बघा यात आभाळ कुठंच नाही, साहेब दोन्ही जागी आहे, आणि ज्यानं कधी केंद्रावर रात्र काढली त्याला मीटरची ती सळई पाहिल्याबरोबर सगळं समजेल. मुंबई-पुण्याच्या व्यंगचित्रकाराला हे माहीत नसतं यात त्याचा दोष नाही, त्यानं ती सळई पाहिलीच नाही.

म्हणून इथलेच लोक पाहिजेत. मनोहर सप्रे चंद्रपूरला राहून आयुष्यभर व्यंगचित्रं काढत राहिले, कॉलेजात शिकवायचे, वाळलेल्या लाकडातून शिल्पं करायचे, 2024 मध्ये ते गेले. मोठ्या शहरात न जाता हे होतं याचा तो पुरावा. गावागावात पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणणारे लोक आहेत, सावकाराला, सरकारला, सरपंचाला चार ओळीत उभंआडवं घेतात, नंतर सगळे मिळून एक नमन गौरा पार्वती, हरबोला हर हर महादेव. व्यंगचित्राची खालची ओळ लिहायला लागणारं डोकं आपल्याकडं भरपूर आहे. हात तयार करायचा राहिला.

पोटाचं काय, हा प्रश्न आईबाप विचारतातच आणि विचारायला पाहिजे. नोकरी म्हणून ही जागा कमी होऊन राहिली, जगभर. न्यूयॉर्क टाइम्सनं 2019 मध्ये एका चित्रावरून वाद झाल्यावर आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रंच बंद केली. जिल्ह्याचा पेपर चालतो सरकारी जाहिरातींवर आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पानांवर, मग त्याच पुढाऱ्याचं नाक मोठं करून कोण छापणार. त्यामुळं बरेच जण शाळेत शिकवतात, जाहिरातीची कामं घेतात, पुस्तकांची कव्हरं करतात आणि व्यंगचित्र फोनवरून लोकांपर्यंत पोचवतात. त्यात पैसा नाही, पण मधला एडिटर पण नाही, म्हणजे चूक झाली तर सावरायला कोणी नाही हेही आलंच. नाव, आकडा, कोण काय बोललं हे तपासायचं काम मग स्वतःच करावं लागतं.

ज्या पोरापोरींना हात आहे त्यांनी मोठ्या नेत्यांपासून सुरुवात करू नका असं माझं सांगणं आहे, त्यांची तोंडं सगळेच काढतात. ग्रामसभा, रेशनचं दुकान, पीककर्जासाठी बँकेबाहेरची लाईन, पीकविम्याचा पंचनामा, जिनिंगचा काटा, तिथं वही घेऊन बसा, हात कसे हलतात, कोण खुर्चीत बसतो अन् कोण उभा राहतो ते काढत राहा. रोज एक. चांगलं झालं तर शाळेच्या भित्तिपत्रकावर, वाचनालयाच्या फलकावर लावा, तालुक्याच्या साप्ताहिकाला नेऊन द्या. आणि कोपऱ्यात सही टाका, सहीला चिकटून तारीख पण टाका, जरा चित्राच्या आत घेऊन, म्हणजे कापता येणार नाही. चार वर्षांनी तेच चित्र कोणीतरी दुसऱ्याच निवडणुकीत, दुसऱ्याच माणसावर फिरवायला काढेल तेव्हा ते कधीचं अन् कोणावरचं हे लोकांना त्याच चित्रात वाचता आलं पाहिजे.